जॅझ पार्टी विरुद्ध रॉक पार्टी

दुर्गाप्रसाद असाटी घर विकून मुलाकडे रायपूरला राहायला चालला, ही बातमी रत्नपाल रामटेक्यांना भाजीवाल्याकडून कळली. बातमी वाईट होतीच, पण ती भाजीवाल्याकडून कळावी याचं रामटेक्यांना जास्त लागलं. कॉलेजपासूनची दोस्ती. एकमेकांच्या लग्नात राबले, एकमेकांच्या वडिलांना खांदा दिला, आणि एवढी मोठी गोष्ट सांगितली कुणी, तर वांगी तोलता तोलता एका परक्या माणसानं. "ते हार्डवेअरवाले सेठ जाऊन राहिले ना जी रायपूरले? तुमाले मालूम नाही? तुमचे तं दोस्त आहेत ना ते?"

"मालूम आहे, मालूम आहे," असं म्हणून रामटेक्यांनी वांग्यांचे पैसे दिले, वांगी तिथंच विसरली आणि तडक दुर्गाप्रसादच्या दुकानाकडे निघाले. वाटेत त्यांनी एक झणझणीत वाक्य तयार केलं. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी इटियाडोहच्या कालव्यांवर काढलेल्या माणसाला अशी वाक्यं तयार ठेवायची सवय असतेच. पाणी आधी कुणाच्या धानाच्या बांधीत जाणार या वादात त्यांनी भल्याभल्यांना गप्प केलं होतं. पण दुकानाच्या पायरीवर चढले आणि बघतात तर दुर्गाप्रसाद खिळ्यांच्या खोक्यात हात घालून नुसता बसलेला. गिऱ्हाईक समोर उभं, कानातलं ऐकायचं मशीन चालू, आणि ह्याचं लक्ष नाही.

"घर विकलंस म्हणे."

"हाँ यार."

"मले भाजीवाल्यानं सांगितलं."

दुर्गाप्रसादनं खोक्यातून हात काढला. "तेरे को बोलने की हिम्मत नहीं हुई, रतन. घरवाली गई तब से बेटा पीछे पड़ा है. बोलता है, अकेले कब तक रहोगे. दिवाली के बाद, मंडई-वंडई निपटी कि जाना है."

रामटेक्यांचं तयार वाक्य कुठल्या कुठे गेलं. तोंडातून निघालं ते भलतंच. "मग 'छोटी लाइन'चं काय?"

आता 'छोटी लाइन' म्हणजे काय, हे सांगायलाच हवं. गोंदिया जंक्शनहून पूर्वी नॅरोगेजची गाडी सुटायची, तिला सगळे छोटी लाइन म्हणत. त्या गाडीवर व्हिन्सेंट नावाचे अँग्लो-इंडियन गार्डसाहेब होते. त्यांची बहीण ऑस्ट्रेलियात राहायची आणि वर्षातून एकदा पार्सल पाठवायची. पार्सलात लोकरीचे मोजे असत, ज्यांचा गोंदियात काही उपयोग नव्हता, आणि रेकॉर्डी असत, ज्यांचा रेल्वे कॉलनीतल्या शेजाऱ्यांना फार त्रास होता. एका संध्याकाळी कॉलेजातली तीन पोरं त्या क्वार्टरसमोरून सायकलवर चालली होती. आतून असा काही आवाज आला की तिघांनी सायकली थांबवल्या. आधी वाटलं, गार्डसाहेबांकडे भांडण चाललंय. मग वाटलं, कुणीतरी रडतंय. मग ढोल सुरू झाला, आणि केशोराव बिसेन नावाचा त्यांच्यातला सगळ्यात अबोल पोरगा म्हणाला, "हे सात मात्रा आहेत. आमच्या भजनात बी असते."

व्हिन्सेंट साहेबांनी तिघांना व्हरांड्यात बसवलं, चहा दिला आणि रेल्वेच्या हिंदीत जॅझ-रॉक फ्यूजनचा इतिहास सांगितला. "अमेरिका में, मॅन, एक कमरे में जॅझवाले बैठते थे, दूसरे में रॉकवाले. जॅझवाले बोलते, ये लौंडे खाली शोर करते हैं. रॉकवाले बोलते, ये बुड्ढे सो गए हैं. फिर एक ट्रम्पेटवाला उठा. उसने बिजली का गिटार मँगाया, बिजली का पियानो मँगाया, और बोला, बीच का दरवाज़ा खोलो. पुराने लोग तो रो पड़े, मॅन. बोले, सब बिगाड़ दिया."

पोरांना हे सगळं फार ओळखीचं वाटलं. घरी पोवारी बोलणारा केशोराव, दुकानात हिंदी बोलणारा दुर्गाप्रसाद आणि मराठीत विचार करून हिंदीत शिव्या देणारा रत्नपाल, असे तिघं एका सायकलच्या दुकानापाशी रोज उभे राहून एकाच वाक्यात तीन भाषा बोलत होते. त्यांना दरवाजा उघडायची गरजच नव्हती. त्यांच्याकडे भिंत नव्हती. रत्नपालकडे काकांची क्लॅरिनेट होती. भीमजयंतीच्या मिरवणुकीत काका तीच वाजवत पहिल्या रांगेत चालायचे. दुर्गाप्रसादनं वडिलांशी अबोला धरून जबलपूरहून इलेक्ट्रिक गिटार आणवली. केशोरावनं ड्रम कुठून आणला ते त्यानं आजपर्यंत सांगितलेलं नाही. बास गिटार वाजवणारा मात्र कधीच मिळाला नाही.

तिघांनी मिळून एक धून बांधली. छोटी लाइन स्टेशनातून निघते, पुलावर आवाज बदलते, चढावर दमते, आणि घाट उतरून मोकळी सुटते, अशी ती धून होती, आणि तिचं नावही 'छोटी लाइन'च होतं. बांधताना रोज भांडणं व्हायची. दुर्गाप्रसाद रॉकचा माणूस, त्याला सगळं दणदणीत हवं असायचं. रत्नपाल जॅझचा, त्याला सूर वाकवून वाकवून त्यातून रस काढायचा असायचा. व्हिन्सेंट साहेब म्हणायचे, "यही झगड़ा बजाओ, मॅन. इसमें आगे क्या होगा, बजानेवाले को भी मालूम नहीं रहता. इसलिए तो मज़ा है." पुढं साहेब पर्थला गेले, छोटी लाइन मोठी झाली, आणि धून मात्र लोकांसमोर एकदाही शेवटपर्यंत वाजली नाही. एकदाच वाजवायला घेतली होती, गणपतीच्या मांडवात. गाडी चढावर असतानाच मंडळाच्या अध्यक्षांना आरतीची आठवण झाली.

म्हणून रामटेक्यांनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून जाहीर केलं, "तू जाण्याआधी ती एकदा पूर्ण वाजवायची. लोकांसमोर. मग जा कुठं जायचं तिथं." दुर्गाप्रसादनं खिळ्यांचं खोकं बंद केलं. मग समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "कल आओ भाई, आज दुकान बंद है."

रामटेक्यांनी घरी हा बेत सांगितल्यावर त्यांच्या पत्नी अलकाताई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे ती पेटी बाजाची आहे?" लग्न झाल्यापासून कपाटावर चादर पांघरून बसलेली पेटी ऑफिसच्या मोजणीच्या दुर्बिणीची असावी, असं त्या समजत आल्या होत्या. पेटी उघडली. क्लॅरिनेट निघाली. रामटेक्यांनी ती ओठांना लावली, डोळे मिटले आणि जोरात फुंकर मारली. क्लॅरिनेटमधून काही निघालं नाही, पण रामटेक्यांच्या तोंडातून शिट्टी निघाली. वरचे दोन दात गेल्या उन्हाळ्यात पडले होते, आणि ह्या वाद्याला फुंकणाऱ्याचे वरचे दात लागतात, हे ते विसरूनच गेले होते.

दातांच्या डॉक्टरनं विचारलं, "कशासाठी बसवायचे काका? जेवायला, की चारचौघांत बरं दिसावं म्हणून?" रामटेके ताठ बसून म्हणाले, "वाजवायला." डॉक्टरनं हातातला आरसा खाली ठेवला. मग त्यानं आवाज हळू करून विचारलं, घरून सोबत कोणी आलंय का?

दात बसले आणि सराव सुरू झाला. पहिल्याच दिवशी शेजारच्या सुशिलाबाई कुंपणापाशी येऊन अलकाताईंना म्हणाल्या, "साहेबाचा दमा वाढला काय जी? सकाळपासून लय कठीण आवाज येऊन राहिला." दुसऱ्या दिवशी त्यांनी अडुळशाचा काढा आणून दिला. तिसऱ्या दिवशी, हे संगीत आहे असं कळल्यावर, काढा बंद करून सल्ले सुरू केले. गच्चीवर जाऊन वाजवा, आवाज वर निघून जाईल. दाराला गोधडी लावा. नाहीतर भजनच वाजवा ना जी, म्हणजे आम्हालाही बसून ऐकता येईल. रामटेक्यांनी त्यांना जॅझ म्हणजे काय, हे समजावून सांगायचा प्रयत्न केला. सुशिलाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे जे तुमी वाजवून राहिले, ते चुकलं तं कसं समजते?" या प्रश्नानं रामटेके दोन दिवस घुश्शात होते.

केशोरावकडची गोष्ट आणखी अवघड निघाली. तो आता बोरीटोल्याला शेती करत होता. साळेकसा तालुक्यातलं हे छोटंसं गाव, कचारगडच्या यात्रेला जाणाऱ्या गाड्या तिथं पाणी प्यायला थांबतात. केशोरावचा मोठा ड्रम शाबूत होता, पण त्याच्या बायकोनं, शामकलाबाईंनी, त्याचं एका बाजूचं कातडं काढून त्यात लाखोळीची डाळ भरून ठेवली होती. उंदीर लागत नाहीत म्हणाल्या. ड्रम हवा असेल तर डाळीला दुसरी जागा द्या, ही त्यांची अट होती, आणि ती योग्यच होती. दुर्गाप्रसादनं दुकानातून पत्र्याची नवी कोठी पाठवली. शामकलाबाईंना ती इतकी आवडली की त्यांनी तांदळासाठी आणखी एक मागवली.

कार्यक्रम कुठं करायचा, हा प्रश्न केशोरावनंच सोडवला. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, पाळणे लागतात, जिलेबीच्या कढया उकळतात आणि दुपारी गावाच्या मधोमध कार्यक्रम होतो. बोरीटोल्याच्या मंडई कमिटीचा अध्यक्ष चैतराम हा केशोरावचा शेजारी. त्यानं बांधावरूनच विचारलं, "कोन्ती पार्टी आहे?"

"जॅझ-रॉक," केशोराव म्हणाला.

"दोघंही येतीन ना पक्के?"

केशोरावला वाटलं, हा रत्नपाल आणि दुर्गाप्रसादविषयी विचारतोय. "दोघंही येतीन," तो म्हणाला. केशोराव अबोल माणूस, त्यामुळे बोलणं तिथंच संपलं. तो थोडा बडबड्या असता तर पुढचं बरंच काही टळलं असतं.

कमिटीनं मांडव दिला, पण परवानगी ज्याची त्यानं आणावी असा रिवाज होता. म्हणून तिघं पोलीस ठाण्यात गेले. अर्जात 'कार्यक्रमाचा प्रकार' असा रकाना होता. रामटेक्यांनी तिथं सुवाच्य अक्षरात 'जॅझ-रॉक फ्यूजन' असं लिहिलं. हवालदारानं ते दोनदा वाचलं आणि पेन खाली ठेवलं.

"नाचनाऱ्या बाया किती?"

"एकही नाही," रामटेके म्हणाले.

"मंग लोक कायले येतीन जी?"

रामटेक्यांचा चेहरा लाल झाला. पण हवालदाराचंही काही चुकत नव्हतं. अलीकडे मंडईत नाटकाच्या नावाखाली भलतेच नाच व्हायला लागले होते, वरून सक्त ताकीद आली होती, आणि नाव जितकं इंग्रजी तितका नाच वाईट, असा त्याचा अनुभव होता. साहेबांशी बोलून त्यानं तोडगा काढला. स्टँप पेपरवर हमीपत्र द्या.

हमीपत्रात तिन्ही कलाकारांनी लिहून द्यायचं होतं की आम्ही रंगमंचावर कोणत्याही प्रकारचे अश्लील नृत्य, अंगविक्षेप अथवा हावभाव करणार नाही. वकिलाच्या टेबलाशी दुर्गाप्रसाद हमीपत्र वाचत असताना त्याचा आवाज चढत गेला. "ये घुटने लेकर? साहब, मैं संडास में बैठता हूँ तो उठने के लिए दीवार पकड़ता हूँ!" केशोरावनं मुकाट्यानं सही केली. रामटेक्यांनी मात्र सही करताना हात थांबवला. आपण वर्ग दोनचे अधिकारी म्हणून निवृत्त झालो, सत्काराला नारळ-शाल मिळाली, हे त्यांनी वकिलाला सांगितलं. वकील म्हणाला, शालीचा उल्लेख हमीपत्रात करता येत नाही.

एवढ्यावरही भागलं नाही. कलाकारांना ओळखणारा एक जबाबदार साक्षीदार हवा होता. अलकाताई गेल्या. साहेबांनी विचारलं, "बाई, हे नाचणार नाहीत याची तुम्हाला खात्री आहे?" त्या म्हणाल्या, "साहेब, पोराच्या वरातीत सगळं गाव नाचून राहिलं होतं. हे घड्याळ पाहून राहिले होते." परवानगी जागच्या जागी मिळाली. परत येताना रामटेके ऑटोत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.

मंडईच्या आदल्या आठवड्यात तिघं बोरीटोल्याला गेले, तेव्हा गावाच्या वेशीवर फ्लेक्स झळकत होता. एका कोपऱ्यात रामटेके, दुसऱ्या कोपऱ्यात दुर्गाप्रसाद. दोघांचे फोटो आधार कार्डावरचे, आणि दोघांच्या डोक्यावर कॉम्प्युटरनं फेटे चढवलेले. मध्ये विजेचा लोळ. खाली मोठ्या अक्षरात: 'प्रथमच! भव्य दुय्यम सामना! जॅझ पार्टी, शाहीर रत्नपाल रामटेके आणि संच, विरुद्ध, रॉक पार्टी, शाहीर दुर्गाप्रसाद असाटी आणि संच!'

चैतरामचा दोष नव्हता. आमच्याकडे मंडईत एकट्या पार्टीचा कार्यक्रम कुणी ऐकत नाही. दोन शाहीर आमनेसामने उभे राहतात, एक सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो, लोक दोन बाजूंना वाटून बसतात, आणि शेवटी निकाल लागतो. त्यालाच दुय्यम म्हणतात. चैतरामला सांगितलं होतं जॅझ-रॉक. त्यानं दोन पार्ट्या धरल्या. वरच्या टोल्यानं, म्हणजे वरच्या वस्तीनं, जॅझची बाजू घेतली होती, खालच्या टोल्यानं रॉकची, आणि जॅझ म्हणजे काय हे दोन्हीकडे कुणालाच माहीत नसताना एका हळदीच्या कार्यक्रमात त्यावरून बाचाबाचीही झाली होती.

"अहो, ह्या दोघांची भांडणं मिटून एक झालं, तेच तर फ्यूजन!" रामटेके कळवळून म्हणाले. "ते एकच संगीत आहे. त्यात कोणी जिंकत नाही."

चैतरामनं डोकं खाजवलं. "पन साहेब, एकच पार्टी असन तं लोक कोनाच्या बाजूनं बसतीन जी?"

पाटबंधारे खात्यात अशा वेळी रामटेके नकाशा उलगडायचे, इथं त्यांनी चष्मा काढून पुसला. दुर्गाप्रसाद तिकडं फ्लेक्ससमोर उभा राहून स्वतःचा फोटो काढून घेत होता. "फेटा अच्छा लग रहा है, रतन. बेटे को भेजता हूँ." त्या फोटोत तो असा काही हसत होता, की रामटेक्यांनी फ्लेक्स उतरवायचा विषय सोडून दिला. बायको गेल्यापासून त्याला असं हसताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. परतीच्या वाटेवर धान कापलेल्या बांध्यांकडे बघत ते मनाशी म्हणाले, काय म्हणायचं ते म्हणोत, फक्त शेवटपर्यंत वाजू दे.

मंडईच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मांडवाच्या दोन टोकांना दोन सतरंज्या, मधे केशोराव. त्याच्यापुढे तो मोठा ड्रम, भजन मंडळाची ढोलकी आणि शामकलाबाईंच्या दोन पितळी घागरी. तो दोन्ही पार्ट्यांचा 'संच' होता. माइक आणि स्पीकरचे डबे वरातीत धुमाल बँड वाजवणाऱ्या एकानं लावले होते. त्याच्या मशीनवर ईको कायमचा चालू होता आणि तो बंद कसा करायचा हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. वरचा टोला डावीकडे बसला, खालचा उजवीकडे. मधे जिलेबी विकणारी माणसं फिरत होती.

रामटेके माइकपाशी गेले. निदान इतिहास तरी नीट सांगावा, म्हणून त्यांनी घरून तयारी करून आणली होती. "बंधू-भगिनींनो, एकोणीसशे साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत..."

"...रिकेत, ...रिकेत," ईको म्हणाला.

"सवाल टाका!" खालच्या टोल्यातून कुणीतरी ओरडलं. "भाषण नोको, सवाल टाका!"

"टाका ना जी सवाल, डरता कायले?" वरच्या टोल्यानं आपल्याच शाहिराला धीर दिला.

रामटेक्यांनी कागदाची घडी केली. दुर्गाप्रसादकडे पाहिलं. दुर्गाप्रसादनं गिटारच्या तारेवर एक असा टणत्कार केला की पुढच्या रांगेतली पोरं मागं सरकली. मग रामटेक्यांनी क्लॅरिनेट ओठांना लावली आणि 'छोटी लाइन'ची पहिली ओळ वाजवली, सवालासारखी, शेवटी सूर वर टांगून ठेवत. दुर्गाप्रसादनं त्याच ओळीला उलटा जवाब दिला. केशोरावच्या सात मात्रा सुरू झाल्या. गाडी निघाली.

आणि खरं सांगायचं तर ती धून तशीच वाजायला हवी होती. कॉलेजात असताना दोघं रोज असेच भांडायचे. रामटेक्यांना एकदम सगळं आठवलं. व्हिन्सेंट साहेबांचा व्हरांडा, कपबशीतला जास्त दुधाचा चहा, कोळशाचा वास, स्टेशनाकडून येणारी शिट्टी आणि तिच्याशी सूर जुळवत बसलेला दुर्गाप्रसाद. तेव्हा कुणी कुठं जाणार नव्हतं. क्लॅरिनेट ओली झाली की डोळे ओले झाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं, पण सूर मात्र न चुकता येत होते. आणि चुकले असते तरी कुणाला समजणार नव्हतं.

गाडी पुलावर आली, आणि चैतरामनं शिट्टी फुंकली.

मंडईत कार्यक्रम आवडला की लोक बक्षीस देतात. बक्षीस दिलं की देणाऱ्याचं नाव माइकवर पुकारावं लागतं. आणि नाव पुकारताना शाहिरानं थांबायचं असतं, नाहीतर देणाऱ्याचा अपमान होतो. म्हणजे आमच्याकडे एखादी गोष्ट जितकी आवडेल तितक्यांदा ती बंद पडते. पुन्हा तेच. तेव्हा आरतीनं घात केला होता, आता कौतुक करणार होतं. त्यांनी क्लॅरिनेट खाली घेतली. केशोरावनंही हात आखडले.

दुर्गाप्रसाद थांबला नाही. त्याच्या कानातलं मशीन ईकोमुळे किंचाळायला लागलं होतं, म्हणून त्यानं ते काढून खिशात टाकलं होतं. त्याला ना शिट्टी ऐकू आली, ना चैतराम. तो डोळे मिटून, मान हलवत, एकटाच पूल ओलांडत होता.

रामटेक्यांनी त्याच्याकडे पाहिलं. या माणसाला एकट्याला पुढं जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी चैतरामकडे पाठ फिरवली आणि क्लॅरिनेट पुन्हा तोंडाला लावली. घागरी वाजल्या. चैतराम माइक धरून मधेच अडकला. नाव पुकारायचं तर होतंच, देणारे समोर हात वर करून उभे होते. तो बोलायला लागला, पण सात मात्रांच्या त्या रेट्यात साधं बोलताच येईना. नाइलाजानं तो तालात शिरला.

"खेमराज पटले, वरचा टोला, जॅझ पार्टीले, बक्षीस आहे!"

"...क्षीस आहे, ...क्षीस आहे," ईकोनं साथ धरली.

"दुर्गेश्वरी बाई, पाहुनी आली, रॉक पार्टीले, नारळ आहे!"

आणि मांडव पेटला. लोकांना आपलं नाव असं तालात यावंसं वाटू लागलं. रांग लागली. चैतराम एका पार्टीचं नाव घ्यायचा की क्लॅरिनेट वर चढायची, दुसरीचं घेतलं की गिटार. पुढं पुढं तर तो स्वतःच नावं लांबवायला लागला, एकाच्या आजोबांचं गाव, दुसऱ्याच्या बैलाचा रंग, जे सुचेल ते तालात घालायला लागला, आणि पुढं काय येणार हे त्यालाही माहीत नव्हतं. गाडी चढावर दमली. घाटमाथ्यावर थांबली. मग उताराला लागली, आणि क्लॅरिनेट आणि गिटार एकाच ओळीवर, एका श्वासात, धडधडत खाली आली आणि थांबली. शेवटपर्यंत. पूर्ण.

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या. दुर्गाप्रसादनं डोळे उघडले, मशीन कानात घातलं आणि विचारलं, "क्या हुआ? पूरा हो गया?"

"झालं," रामटेके म्हणाले. ते क्लॅरिनेट सदऱ्याच्या बाहीनं पुसायला लागले.

"निकाल! निकाल!" दोन्ही टोले ओरडायला लागले. चैतरामनं गावातल्या सगळ्यात जुन्या जाणत्या म्हणून अनुसयाबाईंना विचारलं. त्यांनी अशा कित्येक सामन्यांचे निकाल दिले होते. काठी टेकत त्या उभ्या राहिल्या, दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाल्या, "निकाल कसा देऊ बाप्पा? पयले दोघं भांडत होते, तवर समजून राहिलं होतं. मंग हा त्याच्या गान्यात घुसला, तो ह्याच्या गान्यात घुसला. आता कोनतं कोनाचं ते मले नाही सांगता येत. बरोबरी."

व्हिन्सेंट साहेबांनी रेकॉर्डी लावून लावून जे समजावलं होतं, ते ह्या बाईनं नुसतं ऐकून सांगितलं, असं रामटेक्यांना वाटलं. ते लिहून ठेवण्याजोगं होतं. पण चैतराम तोवर एका थाळीत दोन सुपाऱ्या घेऊन आला होता.

बरोबरी झाली की आमच्याकडे गोष्ट संपत नाही. पुढल्या मंडईत त्याच दोन पार्ट्यांना त्याच गावात पुन्हा उभं राहावं लागतं, आणि त्याची सुपारी लोकांसमोर तिथल्या तिथं द्यायची असते. सुपारी घेतलेला शाहीर आला नाही, असं आमच्या झाडीपट्टीत होत नाही. आजारी असला तरी खाटेवर घालून आणतात. गोंदियात जन्म काढलेल्या दुर्गाप्रसादला हे कुणी सांगायला नको होतं.

रामटेके ताडकन पुढं झाले. ते मधे पडले. "चैतरामभाऊ, हे रायपूरले जाऊन राहिले. कायमचे. ह्यांले नका देऊ."

चैतराम थाळी धरून उभा राहिला. "सेठजी, विचार करून घ्या. एकडाव घेतली का मागं जाता येत नाही."

दुर्गाप्रसादनं गिटार गळ्यातून काढून केशोरावच्या हातात दिली. थाळीतल्या सुपारीकडे पाहिलं, मग रामटेक्यांकडे. तो बोलला ते माइकवर गेलं आणि ईकोनं ते सगळ्या गावाला दोन-दोनदा ऐकवलं.

"रायपुर में रहूँगा. मगर मंडई में आऊँगा. इसको हराए बिना थोड़े ही छोड़ूँगा."

त्यानं सुपारी उचलली. रामटेक्यांनी आपली उचलली, आणि खिशात न टाकता मुठीत धरून ठेवली, ऑटो गोंदियाला पोचेपर्यंत.